नाकतात्या आणि न आलेला वास

नाकतात्यांना कुणी विचारलं, "काय काम करता?" तर ते सरळ सांगायचे, "वास घेतो." समोरचा हसला की पुढचं वाक्य तयार असायचं, "हसू नका. तुम्ही जो फुकट घेता, त्याचा मला पगार मिळतो."

हसण्यासारखंच होतं म्हणा. पण काम खरं होतं, आणि जोखमीचं. घरात चुलीला येतो त्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. आणि ज्याला वास नाही, तो चोर घरभर हिंडला तरी कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून शहराच्या तोंडाशी, जिथे मोठी पाइपलाइन येऊन पोहोचते, तिथे एका टाकीतून त्यात औषध सोडतात, थेंब थेंब. त्याचा वास म्हणजे कुजका कोबी, फुटलेलं अंडं आणि पावसात भिजलेला मोजा एका भांड्यात उकळावा तसा. ते औषध सोडायचं, मग लाइनीच्या पार टोकाला जायचं आणि वास तिथवर पोहोचला की नाही ते नाकाने बघायचं. तात्यांचा सगळा जन्म यात गेला.

बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा नेहमी रिकामी. बायको म्हणायची, "आमच्या घरच्यांना सांगितलं होतं, मुलगा गॅस कंपनीत आहे. कुठल्या टोकाला आहे ते नाही सांगितलं." एकदा तर कहर झाला. तात्या न्हाव्याकडे हातमोजा विसरले. एकच हातमोजा, त्याला औषधाचा एक थेंब लागलेला. थोड्या वेळात न्हावी बाहेर, गिऱ्हाईक अर्ध्या गालाला साबण घेऊन बाहेर, शेजारचा चांभार बाहेर, वरच्या मजल्यावरची बाळंतीण पोराला पोटाशी धरून बाहेर. अख्खी गल्ली रस्त्यावर. आगीचा बंब आला, लोकांनी मागे हटून वाट दिली, आणि बंबवाल्याने चिमट्यात धरून बाहेर आणला तो काय, तर तात्यांचा हातमोजा! न्हाव्याने पुढे कित्येक महिने त्यांची हजामत दाराबाहेर खुर्ची टाकून केली. पण तात्यांना त्या दिवसाचा मोठा अभिमान. म्हणायचे, "बघा, एका थेंबाने गल्ली पळाली. पळाली म्हणजे वाचली. माझं औषध लोकांना पळवतं, म्हणून लोक झोपू शकतात."

हा अभिमान लक्षात ठेवा. पुढे त्याच्यावरच सगळं येऊन पडलं.

अशा माणसाला धास्ती कशाची असणार? नाक जाण्याची. तात्यांना ज्यांनी काम शिकवलं, त्या उस्तादांचं नाक एका हिवाळ्यात गेलं. सर्दी झाली, सर्दी गेली, जाताना वास घेऊन गेली. उस्तादांना गोदामात बसवलं. दिवसभर पाइपांचे वायसर निवडायचे, मोठे एका डब्यात, लहान दुसऱ्या. तात्या भेटायला गेले की उस्ताद म्हणायचे, "काय खातो ते कळत नाही रे. बायको जवळ आली तरी कळत नाही." ते वाक्य तात्यांच्या मनात काट्यासारखं रुतून राहिलं. तेव्हापासून शिंक आली की ते आधी साबण हुंगून बघायचे.

आता थोडं बाजाराचं सांगायला हवं, कारण ही सगळी भानगड बाजारानेच आणली.

पूर्वी गॅस समुद्राच्या बाजूने यायचा. जुन्या विहिरी आटत चालल्या होत्या, म्हणून कंपनीने बंदरावर भल्यामोठ्या टाक्या बांधल्या, परदेशाहून जहाजाने थंड करून आणलेला गॅस उतरवून घ्यायला. महाग मामला. गॅस म्हणजे जपून जाळायची वस्तू, असं लहान पोरांनाही शिकवलेलं. आणि त्या टाक्यांचा रंग वाळतो न वाळतो तोच डोंगराकडून बातमी आली, की तिथल्या खडकात गॅस आहे. शेल नावाचा खडक, वहीच्या पानांसारखा थरावर थर, आणि पानापानांत गॅस चिकटलेला. तो आहे हे आधीही माहीत होतं, पण काढता येत नव्हता. आता लोक सरळ खाली भोक पाडायचे, खोल गेलं की ते आडवं वळवायचे, आणि त्यात पाणी आणि वाळू अशा जोराने कोंबायचे की खडकाला भेगा पडाव्यात. वाळूचे कण भेगांत अडकून त्या उघड्या ठेवायचे. आणि गॅस वर यायचा, बंद खोलीतून पोरं सुटावीत तसा.

एकाने काढला, दुसऱ्याने काढला, मग ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. गॅस इतका झाला की ठेवायला जागा उरेना. भाव असा कोसळला की विकणाऱ्यांचे चेहरे पडले आणि घेणारे नाचू लागले. बंदरावरच्या टाक्या जहाजांची वाट बघत बसल्या. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की आणायला बांधल्या त्यांच्यातूनच बाहेर पाठवू. सगळी उलटापालट. ज्या लाइनीतून गॅस समुद्राकडून डोंगराकडे वाहायचा, तिच्यातूनच तो आता डोंगराकडून समुद्राकडे वाहू लागला. गावाबाहेरचं कोळशावरचं वीजघर बंद पडलं, कारण गॅस कोळशाहून स्वस्त. तिथे तात्यांचा जावई बॉयलर सांभाळायचा. काम गेलं, आणि तो उठून त्या शेलच्या विहिरींवरच कामाला लागला. म्हणायचा, "बाबा, ज्याने माझी नोकरी खाल्ली, त्याच्याच घरी जेवतोय."

विहिरींवरच्या लोकांसाठी डोंगराच्या पायथ्याशी नवी कॉलनी उठली. एकसारखी घरं, एकसारखी दारं, दिवसभर समोरून वाळूचे ट्रक. धूळ अशी, की बायकांनी खिडक्या उघडायच्या म्हणजे काय हे विसरूनच जावं. तात्यांची लेक, जावई आणि चालायला शिकलेली नात त्या कॉलनीत, शेवटून दुसऱ्या ओळीत राहायचे. आणि कंपनीने ठरवलं, की या कॉलनीला शहरातून नवी लाइन टाकायची. गॅस तुंबलाय, भाव पडलाय, जितकी घरं जोडाल तितकी थोडी. घाई, घाई आणि घाई.

आता या धंद्यातली एक गोष्ट. कोरं लोखंड वास पितं. नव्या मडक्याने पाणी प्यावं तसं. नवी लाइन टाकली की तिला आधी भरपूर औषध पाजावं लागतं, दिवसच्या दिवस. पोट भरलं की मग ती वास पुढे जाऊ देते. त्यात हा डोंगराकडचा गॅस अगदी कोरडा आणि स्वच्छ. जुन्या गॅसला स्वतःची म्हणून थोडी तरी घाण असायची. ही गोष्ट तात्यांना माहीत, सुपरवायझरला माहीत, वरच्या साहेबालाही पक्की माहीत. साहेबाने औषध पाजायला सांगितलं होतंच. फक्त जेवढं पाजायचं तेवढं पाजून होण्याआधी वरून फोन यायला लागले, की अजून गॅस का सोडला नाही?

आणखी एक नियम होता, की वास तपासायला दोन नाकं लागतात. पण भाव पडला तशी कंपनीची मिळकतही आक्रसली, आणि खर्चावर पहिली कात्री चालली ती दुसऱ्या नाकावर. तात्यांच्या जोडीदाराला घरी बसवलं. उरलं एक नाक.

आणि ते नाक त्या आठवड्यात चोंदलं होतं.

साधी सर्दी. बायकोने वाफ दिली, म्हणाली, "उद्या नका जाऊ." तात्या म्हणाले, "गेलो नाही तर विचारतील का. का म्हटल्यावर सांगावं लागेल. सांगितलं की डॉक्टर. डॉक्टर म्हणजे वायसर." बायकोने वाफेचं भांडं उचललं. वायसर म्हणजे काय हे तिला माहीत होतं.

कॉलनीच्या टोकाला, शेवटच्या खांबापाशी तपासणी. तात्यांनी आपलं यंत्र मांडलं. यंत्र कसलं, एक पेटी. एका बाजूने गॅस, दुसऱ्या बाजूने हवा, वर नाक घालायला फनेल. चावी हळूहळू फिरवत न्यायची, तसा हवेत गॅस वाढत जातो, आणि ज्या खुणेला वास लागला ती खूण बोलायची. लाल रेघेच्या आत वास लागलाच पाहिजे, म्हणजे गॅस पेटण्याइतका साठायच्या कितीतरी आधी माणूस जागा होतो.

तात्यांनी नाक घातलं. चावी फिरवली. काही नाही.

आणखी फिरवली. काही नाही. नेहमीची खूण मागे गेली. फनेलच्या रबराचासुद्धा वास लागेना. लाल रेघ जवळ आली. सुपरवायझर हातावर हात चोळत बाजूला उभा, मागे ट्रक धडधडत चाललेले, आणि तात्यांच्या कपाळावर त्या थंडीत घाम.

दुसऱ्या कुठल्याही माणसाला वाटलं असतं, की गॅसला वास नाही. सरळ गोष्ट आहे. पण ज्याचं पोट नाकावर चालतं, त्याला आधी नाकाचीच शंका येते. तात्यांच्या डोळ्यांसमोर पाइप आलाच नाही. समोर आले उस्ताद, वायसर निवडणारे.

"काय तात्या, किती?" सुपरवायझरने विचारलं. "भरपूर पाजलंय बरं का मी. येतोय ना वास?"

तात्यांनी चावी हळूच मागे, नेहमीच्या खुणेवर आणली.

"येतोय," ते म्हणाले.

झालं. हाच तो शब्द. दुसऱ्या दिवशी कॉलनीत गॅस सुटला.

मग सुरू झाली तात्यांची भीती, आणि ती अशी विचित्र, की त्यांनी वास घेणंच सोडलं. तुम्ही म्हणाल, घरी साबण हुंगून बघायचा, कळलं असतं. पण त्यांना कळायलाच नको होतं! चहाचा कप आला की श्वास रोखून घोट घ्यायचे. बायकोने लाडाने टोस्ट पुढे केला की तोंडाने श्वास घ्यायचे. टपाल आलं आहे म्हणून घाबरून पाकीट न फोडणारा माणूस असतो ना, तसे. बायको एकदा म्हणाली, "अहो, माशासारखं तोंड उघडं टाकून का बसता?" तात्या म्हणाले, "विचार करतोय." ती म्हणाली, "तोंडाने?"

सर्दी केव्हा गेली, त्यांनी बघितलंच नाही.

लेकीचा फोन आला, "बाबा, रविवारी या. चूल बघा आमची. काय निळी ज्योत आहे! सिलिंडर उचलायला नको, काही नको." तात्या एकटेच गेले. बायकोचे गुडघे दुखत होते.

दुपारची वेळ. जावई रात्रपाळी करून आतल्या खोलीत पडदे ओढून घोरत होता. खिडक्या बंद, धुळीमुळे. स्वयंपाकघरात नातीचं दूध बारीक आचेवर ठेवलेलं. लेक बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसून नातीला मोजे घालत होती, नात ते काढत होती. तात्या खुर्चीत, तोंडाने श्वास घेत.

नात धावत आली आणि त्यांच्या मांडीवर आदळली. तिचं डोकं थेट तात्यांच्या नाकाखाली. आणि सवयीने, विसरून, तात्यांनी नाकाने श्वास घेतला.

साबण. बाळाच्या डोक्याला येतो तो गोडसर, उबदार वास. आणि त्याच्या मागून, दुरून, जळकट, कडवट...

"दूध!" तात्या ओरडले. "दूध लागलं! दूध लागलं!"

"अगं बाई," म्हणत लेक उठायला लागली, तर तात्यांनी तिचा हात घट्ट धरला. "थांब! थांब ग! मला सांगू दे. दूध उतू जाऊन बर्नरवर करपलंय. तुझ्या बाहीला कपडे धुवायच्या पावडरचा वास आहे. जावयाचे बूट दारामागे आहेत, त्यांना डिझेलचा वास. मोज्यांचं तर बोलायलाच नको! माझं नाक आहे! आहे ग पोरी, आहे!"

ते हसत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. लेकीने बापाला कधी रडताना पाहिलं नव्हतं. ती त्यांच्यासमोर खाली बसली. "बाबा, काय झालं काय तुम्हाला?"

मग तात्यांनी सगळं सांगितलं. उस्ताद सांगितले, सर्दी सांगितली, बायकोचा मासा सांगितला. सांगायला बसले की त्यांना वेळेचं भान कुठलं! मध्येच न्हाव्याचा हातमोजासुद्धा येऊन गेला. लेक रडता रडता हसायला लागली, तिला हसताना बघून नात हसायला लागली. बंद घरात तिघं हसत बसली.

"दूध गेलं ते गेलं," शेवटी लेक म्हणाली आणि उठली. "भांडं घासावं लागेल. तुमच्या नादात गॅसकडे बघितलंच नाही."

"ज्योत विझली असेल," तात्या डोळे पुसत म्हणाले. "दूध सांडलं की विझते."

"छे हो," लेक हसून म्हणाली. एप्रनच्या खिशातून लायटर काढून ती स्वयंपाकघराकडे निघाली सुद्धा. "विझली असती तर वास आला असता ना. तुमचाच वास, बाबा. त्याच्या भरवशावर तर मी निवांत असते."

तात्यांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, आणि त्याच्या आत सगळं गार पडलं.

नाक आहे. नाक तेव्हाही होतं. म्हणजे मग त्या दिवशी...

"लायटर टाक!"

तो आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. लेक दारात थबकली. "काय?"

"टाकू नको! हातातच ठेव, दाबू नको! बोट काढ त्याच्यावरून. दिव्याला हात लावू नको. पोरीला घे आणि बाहेर जा. जा म्हणतो ना!"

बापाचा चेहरा बघून ती नातीला उचलून बाहेर पळाली. तात्या स्वयंपाकघरात गेले. पातेल्याभोवती दुधाचा करपलेला काळा पट्टा. ज्योत नाही. बटण उघडं. आणि कान देऊन ऐकल्यावर एक बारीक सूं... लहान मूल झोपेत श्वास घेतं तेवढाच आवाज. तात्यांनी नाक पुढे केलं. जगातल्या सगळ्या वासांत ज्याला त्यांनी जन्मभर ओळखलं, तो कुठेच नव्हता. करपलेल्या दुधाचा वास, बाकी स्वच्छ, निर्मळ, सुंदर हवा. मरण असं निर्मळ असतं, हे त्यांना तेव्हा कळलं.

त्यांनी बटण बंद केलं. खिडकीची कडी धुळीने धरली होती. ती मुठीने ठोकायचा धीर होईना, कुठे ठिणगी उडेल. हाताला रुमाल गुंडाळून हळूहळू वळवली. मग आतल्या खोलीत जाऊन जावयाला हलवलं.

"बाबा, काय..." तो उठता उठता पलंगाजवळच्या दिव्याकडे हात नेऊ लागला. तात्यांनी तो हात हवेतच पकडला. "अंधारातच चल."

बाहेर, रस्त्याच्या पलीकडे जाऊन त्यांनी सुपरवायझरला फोन लावला.

"कॉलनीचा वाल्व्ह बंद करा."

"गळती आहे का? वास येतोय?"

"नाही येत. म्हणूनच."

"तात्या, सुट्टीच्या दिवशी थट्टा करताय का? तुम्हीच तर तपासलंत."

"मी खोटं बोललो."

पलीकडचा आवाज एकदम मऊ झाला. "तात्या, नाक गेलंय का तुमचं? तसं असेल तर सांगा, लाजू नका. घरी जा, झोपा. उद्या यंत्र घेऊन येतो, दोघं बघू. आत्ता वाल्व्ह बंद केला तर वरून मला फाडून खातील. साठवायला जागा नाहीये हो, गॅस घेणारी घरं हवीत त्यांना, बंद केलेली नाही."

वाट मोकळी होती. नाक गेलं म्हटलं असतं, तर तात्या बिचारे ठरले असते, आणि सगळं उद्यावर गेलं असतं. पण समोर कॉलनी होती. बंद खिडक्यांची ओळ, तिच्या मागे ओळ, आणि दुपारच्या चहाची वेळ होत आलेली.

"नाक शाबूत आहे," तात्या म्हणाले. "त्या दिवशी जीभ घसरली होती माझी. लोखंडाने सगळं औषध पिऊन टाकलंय. इथे नुसता गॅस येतोय. उद्यापर्यंत इथली माणसं चहा करायची थांबणार आहेत का? आत्ता बंद करा. मी खोटं बोललो हे वाटेल तिथे सांगेन."

सुपरवायझरने शिवी घातली. पण ती बंद करायला निघालेल्या माणसाची शिवी होती, हे तात्यांनी ओळखलं.

आता खरी भीती पुढे होती. लाइन बंद केली की सगळ्या ज्योती विझणार, पण बटणं उघडीच राहणार. पुन्हा गॅस सुटला, की त्या प्रत्येक उघड्या बटणातून तो न बोलता घरात शिरणार. म्हणून प्रत्येक दार गाठायला हवं. जावई एका ओळीला, तात्या दुसऱ्या, लेक नातीला कडेवर घेऊन तिसऱ्या.

"चुली बंद करा! बटणं बंद करा! खिडक्या उघडा!"

"काय झालं?" बनियनवरचा एक आडदांड ड्रिलर दारात आला.

"गॅसचा धोका आहे."

त्याने नाक वर करून हुंगलं. "कुठे येतोय वास?"

"अहो तेच सांगतोय, येत नाही!"

"मग धोका कसला?" तो आत वळून बायकोला म्हणाला, "अगं, हा म्हातारा म्हणतोय वास येत नाही, म्हणून पळा!" आतून हसण्याचा आवाज.

तात्यांना त्या क्षणी न्हाव्याची गल्ली आठवली. एका थेंबाला घाबरून पळालेली माणसं. आणि इथे पळायला लावणारं काही हातात नाही, नुसता एक म्हातारा, धापा टाकणारा. त्यांनी त्या ड्रिलरचा दंड धरला. "दादा, माझ्यावर विश्वास ठेवू नका. ठेवण्यासारखा माणूस नाही मी. फक्त आत जा आणि बटण फिरवा. मग मला हवं तेवढं हसा."

ड्रिलरने त्यांच्या डोळ्यांत बघितलं. हसू गेलं. आत जाऊन बटण फिरवून आला, आणि मग स्वतःच पुढच्या दाराकडे पळाला. त्याचा आवाज तात्यांपेक्षा मोठा होता.

शेवटच्या ओळीत एका घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "आमटीसारखं काहीतरी उकळत ठेवून दुकानात गेलीय. आत्ता येते म्हणाली होती." कुणीतरी सहज पुढे होऊन दारावरच्या बेलकडे बोट नेलं.

"नको!" तात्यांनी ते बोट मुठीत पकडलं. बेल म्हणजे ठिणगी. आत काय आहे कुणाला माहीत? ज्योत आहे, की उतू गेलेलं पातेलं आणि भरलेलं घर? बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. तात्या दाराच्या फटीला नाक लावून उभे राहिले आणि पहिल्यांदाच त्यांना आपल्या नाकाचा काही उपयोग वाटेना. जावयाने पाना आणून भिंतीबाहेरची गॅसची चावी बंद केली. मग सगळे मागे सरले, रस्त्यापलीकडे, आणि त्या दाराकडे बघत उभे राहिले. ट्रक गेला तरी दचकायचे.

ती बाई पिशवी घेऊन आली तेव्हा एवढी गर्दी बघून तिचाच जीव उडाला. आत काही झालं नव्हतं. ज्योत नीट जळत होती, आणि चावी बंद केल्यावर विझली होती, एवढंच. उकळत ठेवलेलं अर्धं कच्चं राहिलं म्हणून ती तात्यांवर चिडली. तात्या म्हणाले, "चिडा, चिडा. बरं वाटतं."

पुढचं थोडक्यात. लाइन पुन्हा औषध प्यायला ठेवली, यावेळी पोटभर. कॉलनी इतकी घाण वासाने भरली की लेक फोनवर म्हणाली, "बाबा, तुमची नात जेवत नाही हो, नाक धरून बसते." तात्या म्हणाले, "बसू दे." साहेबासमोर त्यांनी काय घडलं ते एका दमात सांगितलं. त्यांना गोदामात बसवलं, उस्तादांच्या त्याच स्टुलावर. शाबूत नाक घेऊन ते वायसर निवडू लागले, आणि कंपनीत दुसरं नाक परत आलं, तात्यांच्या जागी आलेल्या नव्या नाकाच्या जोडीला.

बाजार पुन्हा उलटलाय आता. शेलच्या विहिरी पहिल्यांदा भसाभस देतात आणि लवकरच दम टाकतात. नवी भोकं पाडत राहावं लागतं. जहाजं गॅस भरून बाहेर जातात, आणि लांबच्या देशात थंडी पडली की इथल्या चुलीचा भाव चढतो. कॉलनीतली कितीतरी घरं रिकामी झाली. जावई मात्र टिकून आहे.

तात्या आता निवृत्त झालेत. दर रविवारी लेकीकडे जातात. घरात शिरल्या शिरल्या, नातीला उचलायच्याही आधी, स्वयंपाकघरात जातात. खिडकी उघडतात. चुलीचं एक बटण काडी न लावता क्षणभर फिरवतात, वाकतात आणि डोळे मिटून वास घेतात.

दारात लेक पाठीमागे उभी असते. तीही श्वास रोखून.

"येतोय?" ती विचारते.

त्या एका शब्दावर तात्यांचा स्वतःचाच विश्वास उरलेला नाही. ते बाजूला सरतात आणि म्हणतात, "तू बघ आधी."